कापीपुकूच्या तळ्यावरचा शेवटचा घोट

पुन्हा मलाच सांगायला बसवलं. गावात शाळा आहे, शाळेत मास्तरीण आहे, तिला लिहिता येतं, पाहुण्यांपुढं गोड हसताही येतं. पण तुमच्यासारखी बस येऊन थांबली की तिचं एकच, म्हाताऱ्याला बोलवा. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात का, हे कुणी विचारत नाही. बरं, आलोय. बसा. पाहिजे तिथं बसा, फक्त त्या तीन काळ्या दगडांवर बसू नका.

हे कापीपुकूचं तळं. कापीपुकू म्हणजे उंच गवत. काठाचं हे गवत बघताय ना, त्यात घोडा उभा केला तर त्याचे कान दिसायचे नाहीत. त्यावरूनच गावाला नाव पडलं. तळं खोल नाही. मधोमध जाऊन उभं राहिलं तरी पाणी हनुवटीला लागतं, नाकाला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

तुमच्यातल्या त्या चष्मेवाल्या बाई मघाशी म्हणाल्या, पॅराग्वे देशाचा इतिहास, इथली माणसं, इथली संस्कृती, सगळं थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगण्यासारखं आमचं काही नाही, बाई. आम्हाला समुद्र नाही, नद्या आहेत. माती तांबडी, पायाला लागली की घासूनही जात नाही. कचेरीत गेलो की आम्ही स्पॅनिश बोलतो. घरात, भांडणात आणि देवापुढं ग्वारानी. स्पेनचे लोक आले, पाद्री आले. पाद्रींनी आम्हाला हार्प, ती उभी मोठी वीणा, वाजवायला शिकवलं, ते आता आम्ही त्यांच्यापेक्षा बरं वाजवतो. मग स्वातंत्र्य आलं, आणि पुढं ती मोठी लढाई आली, तिनं सगळं खाल्लं. एवढं पुस्तकात सापडेल. पुस्तकात नाही ते ह्या काठावर आहे.

आता हा पेला बघा. बैलाच्या शिंगाचा आहे. ह्यात येर्बा नावाच्या झाडाचा वाळवून कुटलेला पाला भरायचा, वरून गार पाणी ओतायचं आणि ह्या धातूच्या नळीनं ओढायचं. ह्याला तेरेरे म्हणतात. पेला एक, नळी एक, माणसं असतील तितकी. सगळ्यांनी एकाच नळीला तोंड लावायचं. ज्याला पेला दिला तो आपला, ज्याला दिला नाही तो परका, इतकं साधं आहे. पुरे झालं की पेला परत करताना 'ग्रासियास' म्हणायचं, म्हणजे आभार. तो शब्द ऐकला की ओतणारा त्या माणसाला सोडून पुढं जातो.

देशात कुठंही जा, घोळक्यात जो सगळ्यांत लहान तो ओततो आणि मोठ्यांना आधी देतो. फक्त आमच्या गावात उलटं आहे. इथं गावातला सगळ्यांत म्हातारा पुरुष ओततो. बाया बसतात, तो उभा राहतो. बायांना आधी, बाकीच्यांना मग, आणि त्यानं स्वतः अगदी शेवटी प्यायचं, पाल्यात कस उरला नाही की. आणि इथली बाई ओतणाऱ्याला 'ग्रासियास' कधी म्हणत नाही. मडकं रिकामं होईस्तोवर त्यानं ओतत राहायचं.

तो म्हातारा सध्या मी आहे. घ्या, बाई. आधी तुम्ही. दादा, तुम्ही थांबा.

ही गोष्ट त्या मोठ्या लढाईतली आहे, असं सांगतात. तीन शेजारी देश एका बाजूला आणि आमचा एवढासा देश एका बाजूला. कुणाचं चुकलं ते शहाण्यांनी ठरवावं. गावातून आधी तरणे गेले, मग त्यांचे बाप गेले, मग ज्यांच्या ओठावर लव फुटली नव्हती तेही नेले. परत कुणी येईना. कापीपुकूत उरल्या बाया, लेकरं, म्हाताऱ्या, आणि एक पुरुष. सेलेदोनियो त्याचं नाव.

सेलेदोनियो गाडीवान होता. जंगलातून येर्ब्याची पोती बैलगाडीत भरून नदीच्या धक्क्यावर पोचवायची, हा त्याचा जन्माचा धंदा. एकदा भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं आणि घोटा कायमचा वाकडा झाला. शिपाई माणसं गोळा करायला आले तेव्हा त्यांनी त्याला चार पावलं चालवून पाहिलं आणि हसून सोडून दिलं. त्या हसण्याचं त्याला आधी वाईट वाटलं, म्हणे, आणि मग फार बरं वाटलं. बरं वाटलं ह्याची पुन्हा लाज वाटली. ह्या माणसाच्या गोष्टीत लाजच लाज आहे, तेव्हा सवय करून घ्या.

पण बायांना तो हवा होता. बाप, नवरे, भाऊ सगळे गेलेले. दाराशी पुरुषाची टोपी अडकवलेली दिसली तरी त्यांना धीर यायचा. त्या त्याला काराइ म्हणत. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही मानानं काराइ म्हणतो. त्याच्या आधी कुणी जेवत नसे. येर्ब्याचा पहिला पेला त्याचा. पहिला पेला म्हणजे पाल्याचा सगळा कस, सगळा वास. गाडीवान असताना त्याला असा मान कुणी दिला नव्हता. तेव्हा तो पोती उतरवून देई आणि धक्क्यावरचे लोक त्याला नावानं हाक मारत, तीही अर्ध्या.

बायांत मोठी होती न्या दामासिया. न्या हे बायकांच्या मानाचं. तिची जीभ धारदार होती. ती म्हणायची, "एकच कोंबडा उरलाय. आरवला नाही तरी चालेल, खुराड्यात दिसला म्हणजे झालं." बाया हसायच्या, सेलेदोनियोही हसायचा. चेष्टा असली तरी त्याच्यावर सोपवलेलं होतं सगळं, हे त्याला कळत होतं.

लढाई जवळ आली तशी शत्रूच्या घोडेस्वारांच्या टोळ्या गावागावातून फिरू लागल्या. जिथं धूर दिसेल तिथं माणसं, आणि माणसं तिथं खायला, हा त्यांचा हिशेब. दामासियानं गाव रिकामं केलं. एक दुभती गाय, एक बैल आणि बियाण्याचा मका घेऊन सगळ्या जणी ह्या तळ्यामागच्या रानात शिरल्या. तेव्हा इथं दाट रान होतं. पानांचे आडोसे केले आणि बसून राहिल्या.

पहिला प्रश्न आगीचा. दामासियानं सगळ्यांसमोर सेलेदोनियोला विचारलं, "काराइ, तुम्ही रानात जन्म काढला. आग करावी का?"

तो म्हणाला, "आग नाही. मुसळधार पाऊस पडत असला, धूर दिसणार नाही असा, तर तेवढ्यापुरती. एरवी ठिणगीही नाही."

बोललं ते बरोबरच होतं. तसंच ठरलं. कसाव्याचे कंद पावसाच्या दिवशी शिजवून ठेवायचे आणि पुढं गारच खायचे. कंद संपले की रानातली कडू नारिंगं, माडाच्या बुंध्याचा गर. आणि येर्बा गार पाण्यात. तोवर आमच्याकडं येर्बा ऊन पाण्यातच पीत असत. तेरेरे त्या दिवसांत सुरू झालं, असं आमच्या गावात सांगतात. दुसऱ्या गावात दुसरं काही सांगतील, सांगोत.

सेलेदोनियोला ते गार पाणी सोसेना. ऊन येर्बा पोटात गेल्याशिवाय त्याचा दिवस उगवला नव्हता कधी. तो त्याला बैलाचं पाणी म्हणायचा. पण प्यायचा, आणि पहिला पेला त्यालाच मिळायचा.

त्या बायांत फेलिसियाना नावाची एक तरणी बाई होती. नवरा पहिल्याच वर्षी गेलेला, कडेवर एक मुलगी, ब्राउलिया. हिवाळा पडला, दक्षिणेचा वारा सुटला आणि मुलीच्या छातीत कफ भरला. फेलिसियाना सेलेदोनियोकडं आली. म्हणाली, "काराइ, वाटीभर पाणी तापवू द्या. हाताच्या आडोशानं जाळ करते, धूर मी अंगावर घेते. पोरीच्या छातीतला घरघर आवाज मला ऐकवत नाही."

बाया ऐकत होत्या. सेलेदोनियो ताठ बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एका पोरीपायी सगळ्यांच्या माना द्यायच्या का? आग नाही म्हणजे नाही."

दामासियानं मान हलवली. बायांनी एकमेकींकडं पाहिलं, की बघा, पुरुष असावा तर असा. फेलिसियाना वळली. मुलीला पदरात गुंडाळून परत गेली आणि रात्रभर तिच्या छातीवर स्वतःचा श्वास सोडत बसली.

मग ती दहिवराची सकाळ उजाडली. पॅराग्वे उन्हाचा देश, पण कधीमधी दव गोठून दहिवर पडतं तेव्हा गवत काचेसारखं मोडतं. सेलेदोनियो सगळ्यांच्या आधी उठला. घोटा ठणकत होता, बोटं वाकत नव्हती. त्याच्या मनात आलं, गाडीवानाला बिनधुराची आग येते. खरंच येते. वाळक्या माडाची साल, अगदी थोडी, तीन दगडांमध्ये. असा जाळ त्यानं जन्मभर केला होता, शेजारच्या गाडीवाल्यालाही पत्ता लागायचा नाही. एक पेला. बायांना उठायला अवकाश होता. इतक्या जणींचा भार आपण वाहतो, आपण धड राहिलो तर त्या राहतील, असंही त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

आडोशांपासून लांब, झाडांच्या मागं जाऊन, सगळ्यांकडं पाठ करून तो बसला. पाणी तापलं, येर्ब्याचा वास सुटला. पहिला घोट गेला आणि अंगातला गारठा उतरला तसे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे. किती दिवसांनी त्याला माणसात आल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा पेला भरून त्यानं वर पाहिलं.

सालीवर रात्रभर दहिवर पडलं होतं. अंधारात त्याच्या हाताला ते लागलं नाही, बोटं बधिर होती. ओल्या सालीचा धूर झाला होता. त्यात वारा पडलेला. धूर रानावर खांबासारखा सरळ उभा होता.

त्यानं माती लोटली, दगड विखुरले, पेला पंच्याखाली लपवला आणि आडोशाकडं पळाला. वाकड्या पायानं जितकं पळता येईल तितकं. ओरडला मात्र नाही. ओरडला असता तर बायांना थोडा वेळ जास्त मिळाला असता. पण कुठून आलास, हे कुणीतरी विचारलं असतं.

टापा ऐकूनच बाया जाग्या झाल्या, आणि घोडे आले तेव्हा त्या जेमतेम तळ्यात शिरल्या होत्या. ह्याच तळ्यात, ह्याच गवतात. पाणी हनुवटीला लागलेलं, लेकरं डोक्यावर धरलेली, लेकरांच्या तोंडावर हात. वर काठावर शिपाई फिरत होते. त्यांनी गाय नेली, बैल नेला, बियाण्याचा मका नेला, आडोसे पेटवून दिले. घाई त्यांना नव्हती. जाळाजवळ हात शेकत बसले.

दामासियाची म्हातारी आई तिच्या कवेत होती. म्हातारी थडथड कापत होती. दामासियानं तिला घट्ट धरलं होतं आणि कानाशी तोंड नेऊन काहीबाही पुटपुटत होती. नंतर म्हातारीचं कापणं थांबलं. दामासियाला बरं वाटलं, आईला ऊब आली असं वाटलं. मग कळलं. रडता येत नव्हतं, आवाज करता येत नव्हता, हात सोडता येत नव्हते. शिपाई जाईस्तोवर ती आईला तशीच धरून उभी होती.

सेलेदोनियो तिच्यापासून दोन हातांवर होता. त्यानं सगळं पाहिलं. आणि त्याच्या पोटात तेवढी ऊब होती.

बाहेर आल्यावर म्हातारीला पुरलं. मग दामासियानं विचारलं, "आग कुणी केली?"

 एकेक करून सगळ्यांचे डोळे फेलिसियानाकडं वळले. वाटीभर ऊन पाणी तिनंच मागितलं होतं ना. ती म्हणाली, "मी नाही केली." एकदाच म्हणाली. मग तिनं सेलेदोनियोकडं पाहिलं.

दामासियानंही त्याच्याकडं पाहिलं. "काराइ, तुम्ही सांगा."

सेलेदोनियो गवताकडं बघत म्हणाला, "झालं ते झालं. वरचा बघतो आहे."

खोटं एक अक्षर त्यात नाही. पण बायांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. काराइ मोठ्या मनाचे, नाव घेऊन तिला उघडं पाडत नाहीत, असं म्हणाल्या.

फेलिसियानाला कुणी मारलं नाही, कुणी हाकलली नाही. पेला फिरायचा तेव्हा ती घोळक्यात बसायची, आणि पेला तिच्या डावीकडच्या बाईकडून तिच्या उजवीकडच्या बाईकडं जायचा. बस, एवढंच. तुम्हा लोकांना ते काही वाटणार नाही. इथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल त्यापेक्षा चाबूक बरा.

ओतणारी एक लहान मुलगी होती, तेव्हाच्या रीतीप्रमाणं. ती पहिला पेला सेलेदोनियोला द्यायची. तो प्यायचा. मग डोळ्यादेखत पेला फेलिसियानाला ओलांडून जायचा. तो खाली बघायचा. पेला पंच्याखाली लपवल्याची जागा त्याला कधी कधी चटका बसल्यासारखी जाणवायची, म्हणे. रोज वाटायचं, आज बोलू. दुसऱ्या दिवशीही तेच.

लढाई संपली. लढाई संपली म्हणजे मारायला कुणी उरलं नाही. बाया गावात परत आल्या. बैल नव्हते तर बायांनी नांगर स्वतःच्या खांद्यावर घेतला. आज हा देश उभा दिसतो तो त्या खांद्यांवर उभा आहे, हे तुमच्या पुस्तकात लिहा. फेलिसियाना सगळ्यांत पुढं जुंपून घ्यायची. तहान लागली की तळ्यावर येऊन ओंजळीनं पाणी प्यायची, जनावर पितं तसं. मुलगी वाचली होती. गाय नव्हती, दूध नव्हतं, तरी वाचली. तिला मात्र बाया पेला द्यायच्या. तेवढं मन होतं त्यांना.

सेलेदोनियोचा मान वाढतच गेला. शेताच्या बांधाचा तंटा त्याच्याकडं, लेकराला नाव ठेवायचं त्याच्याकडं. देवळात पहिला बाक त्याचा. नवा पंचा विणला की पहिला त्याला. तो घ्यायचा आणि वाळत जायचा. दामासिया म्हणायची, "कोंबड्याला दाणे टाकतोय तेवढे हा रोडावतोय. मनाला लावून घेतात काराइ. आमच्या आईचं फार मनाला लागलं त्यांच्या."

लापाचोच्या झाडांना गुलाबी फुलं आली तेव्हा फेलिसियानानं गाठोडं बांधलं. नदीकडं जाते म्हणाली, बंदरावर काही काम मिळेल. वाटेत रान होतं, जग्वार नावाचे ठिपक्यांचे वाघ होते, भटके शिपाई होते. एकटी बाई लहान मुलीला घेऊन पोचेल असं कुणाला वाटत नव्हतं. दामासिया एवढंच म्हणाली, "जायचं तर जा." कुणी थांबवलं नाही.

पण आमच्याकडं एक रीत आहे. गाव सोडताना वडीलधाऱ्या माणसापुढं हात जोडून उभं राहायचं, त्याचा आशीर्वाद मागायचा. त्यानं हात उचलून हवेत क्रूस काढायचा. तो घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि गावात वडीलधारा पुरुष एकच होता.

सेलेदोनियो दारात बसला होता. फेलिसियाना आली, गाठोडं खाली ठेवलं, हात जोडले. मुलीचेही हात धरून जोडायला लावले.

त्यानं हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

"द्या काराइ," ती म्हणाली. "ऊन चढायच्या आत निघायचंय."

"मुली," तो म्हणाला, "त्या दिवशीची आग..."

"मला माहीत आहे."

त्याचा हात खाली आला.

"मी आले होते," फेलिसियाना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पडला नाही. "येर्ब्याचा वास आला म्हणून उठले. म्हटलं काराइंनीच पाणी तापवलंय, तर पोरीसाठी एक घोट मागावा. तुम्ही पाठमोरे बसला होता. इतके सुखानं पीत होता की मला मागवेना. मलाच लाज वाटली. तुमची. मी परत फिरले."

"मग तू बोलली का नाहीस? तेव्हाच, सगळ्यांसमोर?"

"एकच माणूस उरला होता आमचा. तोही असला निघाला म्हटल्यावर त्या बायांनी सकाळी उठून काय बघायचं होतं?" तिनं पुन्हा हात जोडले. "द्या आता. उशीर होतोय."

सांगतात, की तो उठला आणि तिचं गाठोडं त्यानं उचललं.  लंगडत लंगडत तळ्याकडं चालू लागला. गाठोड्यात तिचं होतं नव्हतं ते सगळं, तेव्हा तिला मागं जावंच लागलं.

तळ्याकाठी बाया नांगर सोडून बसल्या होत्या, पेला फिरायची वेळ होती. ओतणाऱ्या मुलीनं सवयीनं पहिला पेला त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला. तिच्या हातातलं मडकंही घेतलं. मुलीला म्हणाला, "तू बस." बायांना वाटलं, थट्टा करतोय. एकजण म्हणालीसुद्धा, "काराइ, कोंबडा अंडी घालायला लागला का?" हसल्या सगळ्या. तो फेलिसियानापुढं गेला, आणि उभ्यानं, दोन्ही हातांनी, पेला तिच्यापुढं धरला.

हसणं थांबलं.

"आग मी केली होती," तो म्हणाला. "येर्ब्यासाठी. साल ओली होती."

 दामासियाच्या मांडीवर फाटकं पोतं होतं, ती शिवत होती. सुई तिच्या हातात राहिली. तिनं ओरडायला हवं होतं, मारायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं. त्यासाठीच तो उभा होता. ती म्हणाली, "पाणी ऊन होतं?"

"होतं."

"आम्ही ह्या पाण्यात उभ्या होतो, माझी आई कापत होती, तेव्हा तुझ्या पोटात ते होतं?"

त्या दिवसापर्यंत तिनं त्याला तुम्ही म्हटलं होतं.

"होतं," सेलेदोनियो म्हणाला.

दामासियानं सुई पोत्यात टोचून ठेवली. फेलिसियानाकडं बघून म्हणाली, "पी, बाई."  "आम्ही तुझ्या तोंडावरून..." एवढं म्हणाली आणि थांबली. बायांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी लाज एकट्या सेलेदोनियोची नव्हती. ती त्या घोळक्यात बसलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला आली, आणि त्यांच्या लेकींच्या, आणि आमच्याही.

फेलिसियानानं पेला घेतला. आधी मुलीला दिला, मग स्वतः प्याली. पेला परत केला. 'ग्रासियास' म्हणाली नाही. त्यानं पुन्हा भरला आणि पुढच्या बाईकडं गेला. तीही म्हणाली नाही. कुणीच म्हणेना. पेला फिरत राहिला, त्याचा घोटा सुजला, मडकं जड वाटू लागलं, तसं त्यानं दामासियाकडं पाहिलं. पुरे, असं एकदा कुणीतरी म्हणावं.

दामासिया म्हणाली, "ओत."

मडक्यात तळाचं पाणी उरलं तेव्हा पाला धुऊन पांढरा पडला होता. ती म्हणाली, "हे तुझं." तो प्यायला. त्यात येर्ब्याची चव नव्हती. नुसतं पाणी, गार.

दुसऱ्या दिवशी तिनं ते तीन दगड रानातून त्याच्याच खांद्यावर आणवले. हेच ते. काळे दिसतात तो त्याचा जाळ. फेलिसियाना गेली नाही. गाठोडं सोडलं आणि इथंच राहिली. सेलेदोनियोला कुणी गावाबाहेर काढलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. पण काराइ कुणी म्हटलं नाही. रोज तो ओतायचा, उभ्यानं, आणि शेवटचा घोट प्यायचा. म्हणे, पुष्कळ वर्षं. म्हणे, तो पुन्हा अंगानं भरला.

मेला तेव्हा दामासिया चांगलीच म्हातारी झाली होती. काठी टेकत आली. कुणी सांगतात, मूठभर माती टाकताना ती 'ग्रासियास' म्हणाली. कुणी सांगतात, ओठ हलले ते थंडीनं. मला विचाराल तर म्हणालीच नाही. तिच्या घरातल्या बायांना मी ओळखतो.

आजही ह्या दगडांजवळ कुणी काडी ओढत नाही. दादा, ती विडी खिशात ठेवा. आजही हिवाळ्यात दहिवर पडलं की गावातल्या बाया इथं येऊन बसतात, बोटं आखडलेली असली तरी येर्बा गारच पितात, आणि गावातला सगळ्यांत म्हातारा पुरुष उभ्यानं ओततो. त्याचा पाय धड आहे की नाही हे कुणी बघत नाही. सेलेदोनियो त्याचा कुणी लागत नसला तरीही.

मी हे ओतणं अंगावर आलं तेव्हापासून एक घोट आधी घेतलेला नाही. मडक्यातला नाही, पेल्यातला नाही, बोट बुडवूनही नाही. संत योहानाच्या जत्रेत मात्र पाद्रीबाबांपुढं, साऱ्या गावापुढं, एका बाईनं उठून म्हटलं, की म्हाताऱ्याची मिशी ओली दिसते. जून म्हणजे आमचा हिवाळा, धुकं पडलेलं, सगळ्यांच्या मिशा ओल्या होत्या. तिच्यासुद्धा. लोक हसले. इथं त्या गोष्टीवर हसत नसतात, पण हसले. ती माफी मागायला अजून आलेली नाही. रोज येते, पुढं बसते, पहिला पेला घेते, पुन्हा पुन्हा घेते, आणि मी ओततो. दामासियाच्याच वंशातली आहे. बाई, तुम्ही मघापासून लिहून घेताय ना, मग तिचं नावही घ्या. न्या रेमिहिया ओव्हेलार.